हात वाढले, वेग कुठे गेला?

गेल्या अंकात मी एवढंच सुचवलं होतं, की ५० मीटर पोहून जायला किती हात मारावे लागतात ते मोजून बघा. साधी गोष्ट. पण मोजायला लागल्यापासून बऱ्याच जणांची झोप उडालेली दिसतेय. आरामात पोहलं की आकडा शहाण्यासारखा वागतो, जोर लावला की उधळतो. असं का, हाच प्रश्न यावेळी निरनिराळ्या टोप्या घालून आलाय. त्यातली सहा पत्रं घेतेय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्या वाचकांनी आकडे धाडलेत आणि आकडे दिसले की मला राहवत नाही. तीस वर्षं गळ्यात स्टॉपवॉच अडकवून काठावर उभी राहिलेली बाई आहे मी.

प्रश्न : ताई, माझं वय ४१. चार वर्षं फ्रीस्टाइल पोहतोय, सलग एक किलोमीटर होतं. तुम्ही म्हणालात म्हणून मोजलं. आरामात ५० मीटर : ६२ सेकंद, ४६ हात. जीव तोडून : ५४ सेकंद, ५८ हात, आणि मग दोन मिनिटं भिंत धरून नुसत्या धापा. ताकद नक्की दुप्पट लावली होती. मिळाले आठ सेकंद. वय आड येतंय का?

उत्तर : वयाला यात ओढू नका, त्या बिचाऱ्यावर आधीच सगळे आपापलं खापर फोडत असतात.

तुमचा वेग १५ टक्क्यांनी वाढला. पाण्याचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो झाला जवळजवळ ३२ टक्के जास्त. हा वाढलेला विरोध वाढलेल्या वेगानं रेटायचा, म्हणून दर सेकंदाला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात चढते. तुमच्या बाबतीत ती सुमारे ५१ टक्के. हा पाण्याचा ठरलेला भाव आहे, त्यात घासाघीस चालत नाही. धावणाऱ्याला हे एवढं जाणवत नाही, कारण पाण्याची घनता हवेच्या साधारण ८०० पट आहे.

पण तुम्ही म्हणता ताकद दुप्पट लागली. मग ५१ च्या वरची ताकद गेली कुठे? वरचा हिशोब धरून चालतो, की पाण्यातला तुमचा आकार दोन्ही वेळा तोच होता. तो तोच नव्हता. आणि तुमचे हात दोन्ही वेळा पाणी सारखंच धरत होते, असंही हिशोब धरून चालतो. तेही खरं नाही. तुमचेच आकडे बघा. हात फिरण्याचा वेग ४५ टक्क्यांनी वाढला आणि पुढे जाण्याचा वेग फक्त १५. आरामात पोहताना एका हाताला तुम्ही सुमारे १ मीटर ९ सेंटिमीटर जात होता (भिंतीची ढकल धरून). जोरात गेलात तेव्हा ८६ सेंटिमीटर. दर हाताला एक वीत पाणी निसटलं. अठ्ठावन्न वेळा.

ही वीत कुठे सांडते ते पाण्याखालून बघितल्यावर कळतं. एकदा चष्मा लावून लेनच्या तळाशी बसले होते आणि वरून असाच एक गडी जोरात गेला. हात पाण्यात आपटला, आणि आपटताना सोबत हवा घेऊन आला. पांढऱ्या बुडबुड्यांचा एक झुबका तळव्याला चिकटून थेट कमरेपर्यंत गेला. माणूस ओढत होता पाणी, मुठीत होता फेस. त्यात बोटं खाली वळून हाताचा पुढचा भाग उभा होण्याआधीच त्यानं दाब द्यायला सुरुवात केली. म्हणजे पाणी मागे न ढकलता खाली ढकललं. पाणी खाली दाबलं की डोकं वर येतं, डोकं वर आलं की कंबर खाली जाते, आणि कंबर गेली की पाय सावरायला फाकतात. कोपर तर केव्हाच पडलेलं. ही सगळी मालिका एका सेकंदाच्या आत. उद्या पोहताना स्वतःचा हात छातीखालून जाईल तेव्हा त्याच्याकडे बघा. बुडबुडे मनगटापाशीच मागे राहिले तर ठीक, सोबत प्रवास करत असतील तर तुम्ही हवा ओढताय.

आकार बदलला की काय होतं हे अनुभवायचं असेल तर किकबोर्ड घ्या, म्हणजे पाय मारायच्या सरावाला हातात धरतात ती तरंगती फळी. नेहमीसारखा आडवा धरून २५ मीटर पाय मारा. मग तोच बोर्ड पाण्यात भिंतीसारखा उभा धरा आणि परत २५ मीटर पाय मारा. दहाव्या मीटरला माझी आठवण काढाल, फारशी चांगली नाही. कंबर बुडवून पोहणं म्हणजे असाच एक बोर्ड अंगाखाली उभा बांधून पोहणं.

आता उपाय. ५० मीटर आठ वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. पहिली दोन ६२ सेकंदांत, मग दोन ६० मध्ये, दोन ५८ मध्ये, दोन ५६ मध्ये. अट एकच, हात पन्नासच्या वर जाता कामा नयेत. ज्या वेळेला ही अट मोडेल तो तुमचा आजचा कमाल वेग. तिथेच थांबा आणि उरलेली त्याच वेळेत करा. तीन-चार आठवड्यांत ती रेघ पुढे सरकते, हे मी कितीतरी जणांच्या वहीत बघितलंय. सेकंद आणि हात यांची बेरीज करूनही लिहून ठेवा. तुमची आरामातली बेरीज १०८, जोरातली ११२. जोरात जाऊन बेरीज खाली आली की समजा गाडी रुळावर आली. ही बेरीज शेजारच्या लेनमधल्या माणसाशी मात्र ताडून बघू नका, तो सहा फूट असेल तर उगाच मन खट्टू व्हायचं.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. वेग वाढवूनही हात ४६ च ठेवायचा हट्ट धरू नका. वेगात हात वाढतातच, जगज्जेत्यांचेही वाढतात. चार-पाच वाढले तर तो बदल. बारा वाढले तर ती मोडतोड. आजची बाकीची उत्तरंसुद्धा या दोन शब्दांभोवतीच फिरणार आहेत.

प्रश्न : मॅडम, मी १५ वर्षांची आहे, ५० आणि १०० फ्री पोहते. आमचे सर म्हणतात, पुढचा हात ताणून ठेव, दुसरा त्याच्याजवळ येईपर्यंत ओढू नकोस. पण ५० मीटरच्या मोठ्या फायनलचे व्हिडिओ बघते तर तिथे कुणीच थांबत नाही, सगळ्यांचे हात पंख्यासारखे फिरतात. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : सरांचंही ऐक आणि डोळ्यांचंही ऐक. दोघंही खरं सांगताहेत, फक्त वेगवेगळ्या वेगाबद्दल.

आधी एक प्रयोग. भिंतीला जोरात ढकल दे आणि अंग बाणासारखं ताणून नुसती तरंगत जा. हात नाही, पाय नाही. पहिल्या सेकंदात कुणीतरी मागून पकडून ठेवल्यासारखं वाटेल, इतक्या झपाट्यानं वेग उतरतो. नंतर हळूहळू, हळूहळू, कितीतरी वेळ सरकत राहशील. पाणी वेगवान माणसाला जास्त जोरात धरतं, संथ माणसाकडे फारसं लक्ष देत नाही. सेकंदाला १ मीटरनं जाताना हात थांबवलास तर जेवढा वेग पाव सेकंदात गमावशील, २ मीटरनं जाताना तेवढ्याच वेळात त्याच्या साधारण चौपट जाईल. म्हणून हळू पोहताना दोन हातांमधली फट परवडते. विश्रांती मिळते, अंग लांब राहतं, विरोध कमी होतो. ५० च्या शर्यतीत तीच फट महाग पडते. एक हात सुटायच्या आत दुसऱ्यानं पाणी धरलेलं हवं.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २००० मध्ये हे मोजायची एक पद्धत मांडली. एका हाताचा जोर संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, यामधला वेळ किती, एवढंच ते बघतात. फट असेल तर आकडा ऋण, एकाला लागून दुसरा असेल तर शून्य, दोघांचे जोर एकमेकांवर चढले तर धन. पोहणाऱ्यांना हळूहळू वेग वाढवायला लावला की हा आकडा ऋणाकडून शून्याकडे सरकत जातो, आणि अव्वल स्प्रिंटरांचा त्याच्या पलीकडेही जातो. तू व्हिडिओत तेच बघितलंस.

पायांचंही तसंच. लांब पल्ल्याचे पोहणारे दोन हातांमागे दोनच लाथा मारतात, कारण मांड्या फार ऑक्सिजन खातात. ५० वाले सहा मारतात आणि उधारीची चिंता करत नाहीत, शर्यत संपल्यावर फेडायला आयुष्य पडलंय.

सगळ्यांनी एकाच साच्यात बसायचं असंही नाही. अलेक्झांडर पोपोव्हनं १९९२ आणि १९९६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. त्याचा हात एवढा लांब आणि निवांत, की पाहणाऱ्याला तो जोरात चाललाय हेच कळत नसे. दुसऱ्या टोकाला जॅनेट इव्हान्स. चणीनं लहान, हात सरळ ठेवून पवनचक्कीसारखे फिरवायची, तेसुद्धा ४०० आणि ८०० मीटरला, जिथे पुस्तक सांगतं लांब हात मारा. १९८९ मधला तिचा ८०० मीटरचा ८:१६.२२ हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. तिचा हात वरून कसा दिसतो यावर लोकांनी खूप लिहिलं. खाली पाण्यात तो काय करत होता ते बघणारे थोडे. तिथे पकड पक्की होती.

म्हणून तुझ्यासाठी माझी वाटणी अशी. वेग वाढला की दोन हातांमधली फट, पायांची गती आणि पाण्यावरून हात पुढे आणण्याची घाई, हे तिन्ही बदलू दे. डोक्याची जागा, उंच कोपर आणि ओढण्याआधी पाणी नीट धरणं, हे बदलायचं नाही. ५० ला नाही, १५०० ला नाही. सरांचा 'थांब' म्हणजे 'धर', असं मनात लिहून ठेव. बहुतेक त्यांनाही तेच म्हणायचं असेल. आम्हा शिकवणाऱ्यांचे शब्द पाण्यात पडले की जरा फुगतात.

आणि भिंतीच्या ढकलीबद्दल, विचारलं नाहीस तरी. ढकलीचा वेग तुझ्या पोहण्याच्या वेगाहून जास्त असतो. तो पोहण्याच्या वेगापर्यंत उतरायच्या थोडं आधी पाय सुरू कर. तुझ्या वयाची मुलं एकतर लगेच हात हलवतात आणि फुकटचा वेग मोडतात, नाहीतर थांबेपर्यंत तरंगतात. दोन्हीकडे नुकसान.

प्रश्न : मी जहाजबांधणीच्या क्षेत्रातला आहे. जहाज स्वतःच्या लाटेत अडकतं हे आम्ही शिकतो. पोहणाऱ्याचंही तसं होतं का? पाण्याखालून जाणं म्हणूनच जलद असतं का?

उत्तर : तुम्हाला मी काय शिकवणार! पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते, तुम्ही चुका काढा.

पाण्याच्या वरच्या थरातून जाणारी कुठलीही वस्तू समोर एक लाट उठवते. वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनिअरनं १८७० च्या दशकात जहाजांच्या लहान प्रतिकृती टाकीतून ओढून हे नीट मांडलं. लाटेची लांबी जेव्हा जहाजाच्या लांबीएवढी होते, तेव्हा लाटेचा पहिला उंचवटा नाकाशी आणि दुसरा शेपटीशी येतो, आणि जहाज मधल्या खळग्यात बसतं. त्यापुढे वेग वाढवायचा तर स्वतःच उठवलेल्या चढावर चढावं लागतं. आता २ मीटर लांबीच्या अंगाला हाच हिशोब लावा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १.७७ मीटर. १५०० मीटरच्या अव्वल पुरुषांचा वेग याच्या आसपासच आहे. बॉबी फिंकनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १४:३०.६७ अशी वेळ दिली, म्हणजे सरासरी १.७२. त्याच स्पर्धेत चीनच्या पान झानलेनं १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत मारली, म्हणजे सुरुवातीची उडी धरून सरासरी २.१५ च्या वर. तो चढ चढत होता. माणूस काही लोखंडी जहाज नव्हे, त्यामुळे १.७७ ही काही भिंत नाही, पण तिथून पुढे पाणी वर्गाच्या हिशोबाहूनही जास्त मागायला लागतं.

यावरून उंच लोकांचं का फावतं तेही कळतं. हात पुढे ताणलेला २.३ मीटरचा माणूस म्हणजे लांब होडी, त्याची रेघ १.९ च्या आसपास जाते. सव्वा मीटरच्या पोराला ती १.४ च्या खालीच लागते.

पाण्याखालचं म्हणाल तर हो. साधारण अर्धा मीटर खाली गेलं की लाटेचा खर्च बराच कमी होतो, म्हणून तिथे माशासारखं अंग हलवत जाणं फायद्याचं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या फायनलला जपानचा दाइची सुझुकी आणि अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ पहिल्या ५० मधलं अर्ध्याहून जास्त अंतर पाण्याखालूनच गेले. सुझुकीला सुवर्ण, बर्कॉफला रौप्य. पोहण्याची शर्यत बघायला आलेल्यांना बराच वेळ रिकामं पाणी बघावं लागलं. मग मर्यादा आली. आता सुरुवातीला आणि प्रत्येक टर्नला १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं वर यावं लागतं. ब्रेस्टस्ट्रोकचे नियम निराळे.

पण ५० मीटरला मिनिट लावणाऱ्यांनी लाटेची चिंता करू नये. त्या वेगाला लाट किरकोळ असते. तिथला खरा चोर अंगाचा आकार.

लाटेचा एक उपकारही आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. डोक्यापुढे पाणी उंच झालं की गालाशेजारी एक खळगा पडतो. जलद पोहणारा त्या खळग्यात तोंड वळवून श्वास घेतो, चष्म्याची एक काच पाण्यातच राहते. फोटोत त्याचं तोंड पाण्याच्या पातळीखाली दिसतं आणि तरी तो आरामात श्वास घेतोय. नवशिक्याला हा खळगा मिळतच नाही, कारण वेगच नाही. मग तो डोकं उचलतो, कंबर बुडते, वेग आणखी कमी होतो, खळगा आणखी उथळ होतो. गरिबाला व्याज जास्त. म्हणून नव्या माणसाला मी 'तोंड वळव' म्हणायच्या आधी पाय आणि अंगाची रेघ सुधारायला लावते. थोडा वेग आला की श्वास आपोआप स्वस्त होतो.

प्रश्न : महागडा रेसिंग सूट घेतला तर किती फरक पडेल? अंगावरचे केस काढण्यानं काही होतं का?

उत्तर : सूटनं फरक पडतो हे जगानं बघितलंय. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनचे सूट आले. अंग आवळून धरायचे, तरंगायला मदत करायचे, आणि एकट्या २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम पडले. १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले, आता कापडाचेच चालतात. पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

तुम्ही मात्र पत्रातच लिहिलंय की सैल, खिशाची बर्म्युडा घालून पोहता. ती बदला. खिशात पाणी भरतं तेव्हा तुम्ही दोन छोट्या बादल्या ओढत असता. केसांचं म्हणाल तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी खेळाडू काढतात, त्वचेला पाणी जास्त जाणवतं म्हणतात, आणि त्यातून पकड सुधारत असेल तर चांगलंच. रोज पोहणाऱ्यानं त्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे, फक्त ब्रेस्टस्ट्रोक येतो. हळू पोहले की छान वाटतं. मैत्रिणीला गाठायला म्हणून घाई केली की हातपाय दुप्पट हलतात आणि मी मात्र जागच्या जागी! हसू नका हं.

उत्तर : हसत नाही. मी स्वतः २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची आहे आणि याच खड्ड्यात वर्षभर पडून होते. पहिल्या ५० ला २१ स्ट्रोक, शेवटच्या ५० ला ३१. माझे तेव्हाचे शिक्षक काठावरून 'जोर, जोर' एवढंच ओरडायचे, आणि मी जोर लावून स्ट्रोक आणखी तोकडे करायची. एका स्पर्धेत शेवटचे पंधरा मीटर मला वाटत होतं मी उडतेय. नंतर कुणीतरी काढलेलं चित्रीकरण बघितलं. मी शिवणयंत्राच्या सुईसारखी एका जागी वरखाली होत होते आणि शेजारून दोघी जणी शांतपणे निघून गेल्या.

ब्रेस्टस्ट्रोकचा स्वभावच असा आहे, की एका स्ट्रोकच्या आत वेग सतत चढतो-उतरतो. लाथ बसली की झेप, पाय जवळ घेतले की ब्रेक. मांड्या पोटाशी येतात तेव्हा त्या पाण्यासमोर फळीसारख्या उभ्या राहतात. आणि वर सांगितलेला घनाचा हिशोब इथे दुष्टपणा करतो. समजा एक बाई सेकंदाला १ मीटर अशा एकसारख्या वेगानं गेली. दुसरी अर्धा वेळ अर्ध्या मीटरनं आणि अर्धा वेळ दीड मीटरनं. दोघींची सरासरी तीच. पण दुसरीला लागणारी शक्ती पावणेदोन पट! घनांची सरासरी काढून बघा, शाळेतलं गणित आहे. घाईत तुमचे चढउतार वाढतात, म्हणून दमणूक वाढते आणि अंतर तेवढंच राहतं.

आता हे सगळं एका लाथेपुरतं हळू करून बघा. लाथ मारली, अंग ताणलं, डोकं हातांच्या मध्ये. इथे मनात 'एक' म्हणा. मग हात उघडून ओढा, श्वास घ्या, आणि हात पुढे जायला लागल्यावरच टाचा कुल्ल्यांकडे आणा. गुडघे पोटाकडे नाही, टाचा मागे. ही एक सवय बदलली की मांड्यांची फळी अर्धी होते. गुडघेही फार फाकवू नका, त्यांना तसंही ते या वयात आवडत नाही, मला विचारा.

वेग हवा असेल तेव्हा फक्त तो 'एक' लहान करा. 'ए' म्हणा, 'क' सोडून द्या. पण तो पूर्ण गाळू नका. माझं तेच चुकत होतं. वेगात तरंगणं आखूड होतं हा बदल, नाहीसं होतं ती मोडतोड. ब्रिटनच्या ॲडम पीटीनं २०१९ मध्ये ब्रेस्टस्ट्रोकचे १०० मीटर ५६.८८ सेकंदांत मारले, त्याचे हात किती झपाझप फिरतात ते सगळ्यांना दिसतं. प्रत्येक लाथेनंतर तो क्षणभर सरळ रेघ होतो, ते थांबवून थांबवून बघितल्यावर दिसतं.

मैत्रिणीला गाठलंत की कळवा. तिला मात्र हे सदर दाखवू नका.

प्रश्न : आमच्या लेनमध्ये मी नेहमी एका जलद पोहणाऱ्याच्या मागे असतो तेव्हा मला दमच लागत नाही. एकटा पोहलो की तोच वेग जमत नाही. मी सुधारलोय असं समजू की नको?

उत्तर : नको. त्याच्या मागचं पाणी आधीच पुढे निघालेलं असतं, तुम्ही त्या पाण्यात पोहताय. त्यामुळे तुमच्या वाट्याचा विरोध घटतो आणि जितके त्याच्या पायांजवळ, तितका फायदा जास्त. थोडं बाजूला, त्याच्या कमरेशी राहिलं तरी थोडा मिळतो. खुल्या पाण्यातल्या शर्यतीत हे राजरोस चालतं, तासभर दुसऱ्याच्या पायांशी राहून शेवटच्या टप्प्यात पुढे निघणं हीच तिथली हुशारी.

सरावात मात्र आकडे वहीत लिहिताना समोर माणूस होता की नाही तेही लिहा, नाहीतर तुमची वही खोटं बोलेल. आणि १०० मीटरला एकदा पुढे जाऊन त्याला मागे राहू द्या. त्याच्या पायाला चुकून बोट लागलं तर भिंतीशी सॉरी म्हणा. एकाच खेपेत तीनदा लागलं तर सॉरी नको, पुढच्या भिंतीला तो बाजूला होईल, तुम्ही निघा.